गावाकडे वळवलेली दुर्बीण

१

सकाळची पहिली लाँच धक्क्याला लागली की पाहुणे आपोआप पांगतात. पाण्यात उतरायची हौस असलेले उजव्या हाताला कयाकच्या, म्हणजे वल्ह्याच्या चिंचोळ्या होड्यांच्या छपराकडे जातात, पाय धडधाकट असलेले डावीकडे सायकली घ्यायला जातात, आणि ज्यांना नुसती हवा खायची असते ते धापा टाकत माझ्याकडे टेकडीवर येतात. टेकडीवर दुर्बीण आहे. तिच्यावर माझी नेमणूक आहे. तिकीट फाडायचं, भिंग पुसायचं, लहान मुलांना स्टुलावर उभं करायचं आणि कुठे काय दिसतं ते सांगायचं. पक्ष्यांचा खडक, दीपस्तंभ, खाडीतल्या रंगीत कयाक, तोंडात नळी धरून पाण्यावर पालथे तरंगणारे लोक. आणि उडीचा खडक, जिथे मोठी मोठी माणसं कमरेवर हात ठेवून बराच वेळ विचार करतात आणि मग नाक धरून खाली उडी मारतात. हे बोलणं मला इतकं पाठ झालंय की टोपीवाली म्हणते, तू झोपेतही पक्ष्यांचा खडक दाखवत असशील.

टोपीवाली माझ्या शेजारी छत्री लावून गवती टोप्या विकते. वयाने मला मावशीसारखी, पण जीभ नणंदेची.

दुर्बीण फक्त समुद्राकडे फिरते. पूर्वी सगळीकडे फिरायची. पण पाहुणे खाडी सोडून लोकांची अंगणं आणि न्हाणीघरं बघत बसायला लागले, तेव्हा गावाने आरडाओरडा केला आणि दुर्बिणीच्या बुडाशी एक लोखंडी खीळ बसवली. गावाकडे वळवायला गेलं की दुर्बीण खिळीला अडते.

ही खीळ मी रोज काढते. पहिली गर्दी खाली उतरली आणि दुसरी लाँच यायला अवकाश असला की खीळ खिशात टाकते आणि दुर्बीण आमच्या घरावर लावते. घर टेकडीच्या पायथ्याशीच आहे. अंगण, नळ, कपड्यांची दोरी, दारातली पायरी आणि पायरीवर मुंगी. मुंगी म्हणजे आमची मुलगी. एका जागी ठरत नाही, सारखी कुठेतरी चाललेली असते, म्हणून मुंगी. यंदा शाळेत जाईल. सासूबाई तिला डोळ्यात तेल घालून सांभाळतात, पण त्यांच्या डोळ्यांना आता पायरीपलीकडचं सगळं धुरकट दिसतं. मुंगी दिसली की माझा जीव भांड्यात पडतो. मग मी खीळ परत बसवते आणि दुसऱ्या लाँचला पक्ष्यांचा खडक दाखवते.

माझा जीव असा टांगणीला का लागलेला असतो, तेही सांगते. मागच्या हंगामात मुंगीचे बाबा पाहुण्यांना पाण्याखालचे खडक दाखवायला होडी घेऊन गेले. आम्ही दोघंही त्याच कामावर होतो. हे होडी चालवायचे, मी बायका-मुलांना पाण्यावर तरंगायची जॅकेटं चढवायची. त्या दिवशी मुंगीला ताप होता. एकाने घरी थांबायला हवं होतं. आजारी असली की ती ह्यांच्याच खांद्यावर झोपायची, म्हणून मी म्हटलं, तुम्ही थांबा, होडीवर दुसऱ्या कोणाला घेऊन मी जाते. चप्पल घालून मी दारापर्यंत गेलेही होते. तेवढ्यात मुंगीने आई आई करून हात पसरले, आणि आम्ही बदललो. दुपारी वारा फिरला, होडी कलंडली. पाहुणे सगळे वाचले. हे एका मुलाला खडकावर ढकलताना दिसले आणि नंतर दिसले नाहीत. सापडलेही नाहीत. त्यामुळे माझं मन अजून दार नुसतं लोटून ठेवतं, कडी लावत नाही.

२

त्या दिवशी मुंगी पायरीवर नव्हती. दोरीवर तिचा पिवळा फ्रॉक वाऱ्याने हलत होता, आणि तो उलटा टांगलेला होता. घेर वर, बाह्या खाली.

कयाकच्या छपरात काम करणारी माणसं सगळं असंच वाळत घालतात. जॅकेटाच्या गळ्याशी पाणी साचून राहतं, उलटं टांगलं की निथळतं. ह्यांच्या हाताला ती सवय इतकी लागली होती की घरातले टॉवेल, स्वतःचे शर्ट, मुंगीचे फ्रॉक, सगळं उलटं. सासूबाई त्यांच्यावर चिडायच्या. पोरीला शीर्षासन घालतोस का, म्हणायच्या, आणि पुन्हा सगळे चिमटे काढून सरळ टांगायच्या.

संध्याकाळी घरी गेले तर फ्रॉक दोरीवरच होता, खांद्यांना चिमटे लावून, नीट सरळ. मी सासूबाईंना सहज विचारल्यासारखं विचारलं की सकाळी उलटा टांगला होता का. त्या म्हणाल्या, मला डोळ्यांनी कमी दिसतं, डोक्याने नाही.

मी मनात म्हटलं, भिंगाचा काहीतरी खेळ असेल. सातवीच्या विज्ञानात भिंगाचा धडा होता, त्यात मेणबत्तीचं चित्र उलटं पडलेलं होतं. पण मेणबत्ती उलटी पडली तर टेबलही उलटं पडायला हवं. आमचं घर तर सरळ होतं. कौलं वर, पायरी खाली. एकटा फ्रॉकच उलटा कसा होईल?

या प्रश्नाशी मी अडले आणि तिथून पुढे गेले नाही. मुंगी जेवताना गाणं म्हणत होती. भाजी बोटाने ताटाच्या कडेला ढकलत होती. सगळं नेहमीसारखं होतं.

३

नेहमीसारखं आहे हे एकदा मनाला बजावलं की माणूस जास्तच बारकाईने बघायला लागतो. दुसऱ्या दिवशी दुर्बिणीत मला पायरी दिसली. आमच्या पायरीचा कोपरा तुटलेला आहे. हे नेहमी म्हणायचे, हंगाम संपला की सिमेंट आणतो. दुर्बिणीत पायरीचा कोपरा धड होता. नवं सिमेंट जुन्यापेक्षा फिकट दिसतं, तसं ते दिसत होतं.

मी धावत घरी गेले नाही. जायला हवं होतं की नाही कोण जाणे. दिवसभर तिकिटं फाडली. एका आजोबांनी विचारलं की दीपस्तंभापर्यंत सायकल जाते का, तर मी त्यांना पक्ष्यांच्या खडकाची माहिती दिली. संध्याकाळी पायरीवर पाय ठेवला तेव्हा कोपरा तुटलेलाच होता. बोटाने चाचपून बघितला. खडबडीत, जुना.

मग मी एक युक्ती केली. सकाळी निघताना आमची लाल बादली उगाच अंगणाच्या मधोमध ठेवली. सासूबाई म्हणाल्या, बादलीला ऊन दाखवतेस का. मी म्हटलं, वास येतोय, वाळू दे.

टेकडीवरून दुर्बिणीत बघितलं. दोरी होती, नळ होता, धड पायरी होती. बादली नव्हती.

टोपीवालीला मी काही सांगितलं नाही, नुसतं म्हटलं की भिंग अंधूक झालंय का बघ. तिने टोपी मागे सारून डोळा लावला. दुर्बीण तशीच आमच्या घरावर होती. ती बघत असताना मी तिच्या तोंडाकडे बघत होते.

"चांगलं लख्ख दिसतंय की," ती म्हणाली. "सासूबाई भाजी निवडताहेत. आणि अंगणात मधेच बादली ठेवून आलीस, कोणीतरी तंगडी मोडून घेईल."

तिने गावाकडे वळवलेली दुर्बीण बघितली होती, खीळ माझ्या खिशात होती, पण त्यावरून तिने मला एक शब्द विचारला नाही. नुसता माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि आपल्या छत्रीखाली गेली. ती गेल्यावर मी पुन्हा डोळा लावला. अंगण मोकळं होतं.

४

हे मला पहिल्यांदा पाठमोरे दिसले.

नळाशी वाकून जॅकेट धूत होते. निळा शर्ट, कोपरापर्यंत दुमडलेला. मानेवर केस वाढलेले, आता कापायला हवेत इतके. जॅकेट झटकून ते उठले आणि दोरीकडे गेले. उजवा पाय किंचित ओढत चालले, जसे पहिल्यापासून चालायचे. जॅकेट उलटं टांगलं. पट्टे खाली लोंबायला लागले.

मी ओरडले नाही. दुर्बिणीची दांडी धरून उभी राहिले. मला वाटलं होतं की असं काही दिसलं तर भीती वाटेल. भीती नंतर आली. आधी मला एवढंच वाटलं की ह्यांनी मागे वळावं.

ते वळले नाहीत. घरात गेले. थोड्या वेळाने मुंगी बाहेर येऊन पायरीवर बसली आणि दाराच्या आतून एका हाताने तिच्यापुढे ताटली सरकवली. मुंगी खायला लागली.

तेवढ्यात माझ्या मागे कोणीतरी खाकरलं. तिकीट घेऊन पाहुण्यांचं एक कुटुंब उभं होतं, नवरा, बायको, दोन मुलं. नवऱ्याने बायकोची पर्स आपल्या गळ्यात अडकवली होती. मी दुर्बीण समुद्राकडे फिरवली, खीळ बसवली, आणि त्यांना खाडीतल्या कयाक दाखवल्या. बायको मला म्हणाली, तुमचं बरंय, रोज असं छान बघायला मिळतं. मी हो म्हटलं.

५

त्यानंतर मी डबा खायचं सोडलं. जेवायच्या सुट्टीचा तेवढा वेळ बघायला मिळायचा. टोपीवाली आपल्या डब्यातलं काहीबाही माझ्यापुढे करायची, मी नको म्हणायची. एकदा ती म्हणाली की घराकडे एवढं बघतेस तर घरीच का जात नाहीस, पायथ्याशी तर आहे.

तिला काय सांगणार? घरी गेले की ते घर नसायचं.

आमच्या घरी मुंगी धावत यायची, कमरेला मिठी मारायची, दिवसभरातलं सगळं एका दमात सांगायची. आणि मी तिच्या केसांकडे बघत बसायची. दुर्बिणीतल्या मुंगीच्या दोन वेण्या असायच्या, एक वर, एक खाली, भांग वाकडा. बापाच्या हातच्या वेण्या. एके सकाळी मी मुंगीची घट्ट बांधलेली वेणी सोडली आणि तशाच दोन वाकड्या वेण्या घातल्या. सासूबाई बघून म्हणाल्या, हे काय, पोरीला वाऱ्यावर टांगली होतीस का? मुंगीने आरशात बघितलं आणि खूश झाली. "बाबांसारख्या," ती म्हणाली.

मला वाटलं, तिला आठवत असेल. लहान मुलांना आठवतं.

त्याच सुमाराला सासूबाईंनी मला सांगितलं की मुंगी आताशा पायरीवर बसली तरी एका कडेला बसते, शेजारी जागा सोडून. तुटक्या कोपऱ्यावर बसते, बोचतं तरी. मधे ये म्हटलं तर येत नाही. सांगून त्या हसल्या, पण हसताना त्यांनी पदराशी चाळा केला. त्यांचाही मुलगा होता तो. मी तेव्हा त्यांच्याजवळ बसायला हवं होतं. मी दुसऱ्या दिवसाचा विचार करत होते, की उद्या ऊन स्वच्छ असेल का.

६

उद्याचं ऊन स्वच्छ होतं. दोरीवर कपड्यांची रांग होती आणि मी एकेक कपडा ओळखत होते. ह्यांचे शर्ट, मुंगीचे फ्रॉक, सासूबाईंचे कपडे, उशांचे अभ्रे, सगळं उलटं. बघता बघता मी माझा हिरवा कुडता शोधायला लागले. तो आदल्या दिवशी धुतला होता. मग मनात आलं, वेडी का तू, तो तर आपल्या घरच्या दोरीवर. पण हेही घर आपलंच. ह्या घरातली मी कुठे आहे?

इतके दिवस मी ह्यांना आणि मुंगीला बघण्यात एवढी गुंगले होते की हा प्रश्न मला पडलाच नव्हता. मी दुर्बीण हळूहळू फिरवली. दाराशी चपलांच्या जोड्या होत्या. मोठी, छोटी, सासूबाईंची. माझी नव्हती. ओट्यावरच्या खिडकीत माझा कंगवा असतो, तो नव्हता. दाराशेजारच्या खुंटीवर पिवळं जॅकेट होतं. पिवळं जॅकेट होडीवरच्या मदतनीस बायांचं असतं, पाहुण्यांना लांबून ओळखू यावं म्हणून. आमच्या घरी त्याच खुंटीवर ह्यांचं नारिंगी आहे. ते मी धुतलेलं नाही आणि कोणाला धुऊ देत नाही.

पिवळ्या जॅकेटावर धूळ बसली होती.

ह्यांनी घराबाहेर येऊन मुंगीला कडेवर घेतलं आणि दोघं दोरीखालून पुढे आले. मग ह्यांनी मान वर केली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी त्यांचं तोंड नीट बघितलं. दाढी वाढलेली, गाल आत गेलेले. माणूस कोणाची तरी वाट बघून बघून दमतो तसे दमलेले. ते टेकडीकडे बघत होते. टेकडीच्या पलीकडे समुद्र आहे. मुंगीने काहीतरी विचारलं असावं, कारण त्यांनी टेकडीकडे बोट केलं, टेकडीच्या वरून, पलीकडे.

मी हात हलवला. लांबून दिसणार नाही हे कळत होतं, तरी हलवला. टोपीवालीने बघितलं आणि नजर दुसरीकडे फिरवली.

त्या दिवशी ह्यांनी घरी थांबायचं, मी जायचं, असं आमचं आधी ठरलं होतं. मी चप्पल घातली होती.

७

ज्या दुपारी हे घडलं त्या दुपारी टेकडीवर पाहुणे नव्हते. ओहोटी होती, कयाक वाळूवर चढवून ठेवल्या होत्या, उडीच्या खडकावरचा राखणदार जेवायला गेला होता. ऊन तापलं होतं.

मी डोळा लावला तेव्हा हे दाराला कडी घालत होते. मुंगीने पिवळा फ्रॉक घातला होता. ह्यांनी तिचा हात धरला आणि दोघं फाटकाबाहेर पडून टेकडीच्या वाटेला लागले.

माझ्याकडे येत होते.

घराकडून येणारी वाट आधी पाण्याच्या टाकीला वळसा घालते, मग झाडीत शिरते, मग पुन्हा उघड्यावर येते. तिथे तिला दोन फाटे फुटतात. एक वर माझ्याकडे, एक खाली उडीच्या खडकाकडे. टाकीपाशी ते दिसले. मुंगी दगड वेचायला वाकली, ह्यांनी थांबून वाट बघितली. मग झाडीत गेले. मी केसांवरून हात फिरवला. मला आठवतंय, मी ओढणी सारखी केली, तोंडावरचा घाम पुसला. ते वर आले की पहिलं काय बोलायचं याचा विचार करत होते. केस कापा, असं म्हणायचं मनात आलं.

तेवढ्यात खालून सासूबाईंची हाक आली. त्या कधी मोठ्याने बोलत नाहीत. त्या मुंगीला हाका मारत होत्या.

टोपीवाली छत्रीखालून उठून कड्याशी गेली. "अगं," ती म्हणाली, "तुझी मुलगी एकटीच कुठे निघालीय?"

मी भिंगापासून डोळा काढला. झाडीतून वाट उघड्यावर येते तिथे मुंगी चालत होती, पिवळ्या फ्रॉकमध्ये. एकटी. तिचा उजवा हात कानाच्याही वर उचललेला होता, मोठ्या माणसाचा हात धरून चालताना मुलांचा असतो तसा.

मी पुन्हा भिंगाला डोळा लावला. ह्यांनी तिचा हात धरला होता. दोघं फाट्यापाशी पोचले होते. मी म्हटलं, वर या, वर या. हे क्षणभर थांबले. मग खालच्या वाटेने वळले, उडीच्या खडकाकडे, जिथून माझी होडी दिसली असती, मी गेले असते तर.

नुसत्या डोळ्यांनी बघितलं तर मुंगी एकटी खाली वळली होती.

आणि तरी मी लगेच धावले नाही. हे लिहिताना हात थांबतो, पण तसंच झालं. भिंगात ह्यांचं तोंड आता अगदी स्वच्छ दिसत होतं, ओठ हलत होते, ते मुंगीला काहीतरी सांगत होते. मला ते अजून एकदा बघायचं होतं. टोपीवालीने माझा दंड धरून मला दुर्बिणीपासून ओढलं. तिची बोटं दंडात रुतली तेव्हा मी धावले.

८

टेकडीवरून खडकाकडे उतरणाऱ्या पायवाटेवर पाहुण्यांना मनाई आहे, कारण ती घसरडी आहे. मी ती कशी उतरले सांगता येणार नाही. गुडघे फुटले होते ते घरी गेल्यावर कळलं.

मुंगी खडकाच्या टोकाशी उभी होती. समुद्राकडे तोंड. उजवा हात वरच होता. ओहोटीचं पाणी खाली दगडांवर आपटत होतं, आणि जिथून एरवी लोक हसत उडी मारतात तिथे खाली नुसते दगड उघडे पडले होते.

मोठ्याने हाक मारली तर दचकेल म्हणून मी अगदी हळू आवाजात मुंगी म्हटलं. तिने मान वळवली. हात वर तसाच.

"आई," ती म्हणाली, "तू इथे कशी? बाबा म्हणतात तू तिथे आहेस." आणि डाव्या हाताने पाणी दाखवलं.

मी एकेक पाऊल टाकत जवळ गेले. तिच्या उजवीकडे खडकावर रिकामी जागा होती. मी तिथे पाय ठेवला नाही. ठेवता येत नव्हता. मुंगीची बोटं वळलेली होती आणि मधेमधे कातडी पांढरी पडली होती, कोणी घट्ट दाबून धरल्यावर पडते तशी.

मी तिचा डावा हात धरला आणि हळूच मागे ओढलं. ती माझ्याकडे आली नाही. तिचा दुसरा हात ताणला गेला. आम्ही दोघं दोन बाजूंना आणि ती मधे. धक्क्यावर जाताना आम्ही तिघं असेच चालायचो, ती मधे, आम्ही दोघं तिला उचलून पुढे झुलवायचो. दुसऱ्या बाजूचा हात माझ्या हातापर्यंत तिच्या अंगातून पोचत होता. ते वजन मला ओळखू येत होतं. मी ओढायचं थांबवलं. किती वेळ थांबवलं ते मला माहीत नाही. वारा पडला होता. कोणी मला विचारलं असतं तर मी म्हणाले असते, असंच राहू दे.

"दुखतंय," मुंगी म्हणाली.

माझा हात सुटला. त्याच क्षणी तिचा दुसरा हातही खाली पडला. दोन्ही हात मोकळे सोडून ती खडकाच्या टोकावर उभी राहिली, कोणीच न धरलेली, आणि मी तिला झडप घालून उचलायला हवं होतं. पण मी हललेच नाही, कारण हलले असते तर तिनेही दुसरीकडे झोक घेतला असता असं मला वाटलं. मी फक्त माझा हात तिच्यापुढे उघडा धरला. पलीकडेही तसाच एक हात धरलेला असणार. तिने एकदा माझ्या हाताकडे बघितलं, एकदा पलीकडे वर बघितलं, बराच वेळ बघितलं. आणि मग दोन पावलं टाकून माझ्याकडे आली.

तिला कडेवर घेतलं तेव्हा ती उन्हाने तापलेली होती आणि जड होती. वरून टोपीवालीचा आवाज येत होता, सासूबाई झाडीपर्यंत पोचल्या होत्या, त्यांच्या पायातली चप्पल कुठेतरी राहिली होती. मी वाटेकडे चालायला लागले.

मुंगी माझ्या खांद्यावरून मागे बघत होती.

"बाबा खाली बसलेत," ती म्हणाली. "त्यांना बोलाव ना."

मी थांबले. मागे वळले. खडक रिकामा होता, ऊन त्यावर पसरलेलं. चला, हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. एवढाच म्हणायचा होता. चला, घरी चला. मी तोंड उघडलं, आणि मुंगीला जास्त घट्ट धरलं.

"अहो," मी म्हटलं, "घरी जा आता. तिकडची मुंगीही उन्हात उभी असेल."